धुराची व्हिस्की, वाइनचं पिंप

ग्लास नाकाशी नेल्या नेल्या दवाखाना आठवतो. जखमेवरची पट्टी, आयोडीन, थोडं डांबर, आणि मागे रात्री विझलेल्या शेकोटीची ओलसर राख. पुष्कळजण इथेच ग्लास खाली ठेवतात आणि मी त्यांना नावं ठेवत नाही. पण तोच ग्लास पाच-सात मिनिटं टेबलावर राहू दिला आणि पुन्हा हुंगला, तर राखेच्या आडून काहीतरी लालसर, गोडसर डोकावतं. पिकून मऊ पडलेला आलुबुखार म्हणा, रास्पबेरीचा जॅम म्हणा.

या ग्लासात कुणी धूर मिसळलेला नाही आणि वाइनही ओतलेली नाही. स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांप्रमाणे पाणी आणि रंगापुरतं साधं कॅरमेल सोडलं, तर बाहेरचं काहीही घालायची मुभा नाही. मग धूर आला कुठून, द्राक्षं आली कुठून, आणि एका ग्लासात ती नांदतात की भांडतात? एवढं उलगडलं की रेड वाइनच्या पिंपात मुरलेली पीटेड, म्हणजे पीट नावाच्या जळणाच्या धुराची, व्हिस्की चाखणं सोपं होतं. कोणत्या क्षणी कशाची वाट पाहायची ते कळतं.

सुरुवात दवाखान्यापासूनच करू, कारण तो भास नव्हे. व्हिस्कीच्या धुरात फिनॉल असतं आणि फिनॉलचं जुनं नाव कार्बोलिक ॲसिड. १८६५ साली ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत जोसेफ लिस्टर या सर्जनने, पायाचं हाड मोडून जखम उघडी पडलेल्या एका मुलाला कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. त्या काळी अशी जखम हटकून चिघळायची आणि पाय कापावा लागायचा. ही चिघळली नाही. पुढे कित्येक वर्षं ऑपरेशनच्या खोल्यांना हाच वास यायचा. काळ्या फिनेलच्या बाटलीतही याच कुळातली संयुगं असतात. तेव्हा पहिल्या घोटाला कुणी ‘शी, औषध!’ म्हणालं, तर त्याचं नाक अगदी बरोबर सांगतंय.

हे फिनॉल येतं पीटमधून. पीट म्हणजे अर्धवट कुजलेली दलदल. कायम पाणथळ असलेल्या जमिनीत शेवाळ, गवत, हेदरची झुडपं मरून पडतात. पाण्याखाली हवा पोचत नाही, म्हणून ती पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर साचत जातात. वेग साधारण वर्षाला एक मिलिमीटर. म्हणजे कमरेइतका खड्डा खणला तर तळाशी हजारेक वर्षांपूर्वीचं गवत हाताला लागतं. हा गाळ विटांसारखा कापून वाळवला की जळतो, आणि जळताना भरपूर धूर करतो. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळ आयला नावाचं बेट आहे. (हो, उच्चार अगदी असाच. मराठी माणसाला पहिल्यांदा ऐकताना हसू फुटतंच.) तिथे झाडं कमी आणि पीट मुबलक, त्यामुळे घर उबदार ठेवायलाही पीट आणि धान्य वाळवायलाही पीट. धुराची चव कुणी शोधून काढलेली नाही, जळण तेवढंच होतं.

बार्ली भिजवून तिला मोड आणतात, आणि मोड आले की वाढ थांबवण्यासाठी ती भट्टीवर वाळवतात. वाळवण्याच्या पहिल्या टप्प्यात, दाणा अजून ओला असताना, खालून पीटचा धूर सोडायचा. ओल्या सालाला धूर चिकटतो, कोरड्या सालाला फारसा नाही. व्हिस्कीत जो काही धूर आहे तो जवळजवळ सगळा याच टप्प्यात आलेला असतो. पीटच्या जमिनीतून वाहत आलेल्या तपकिरी पाण्याला त्याचं श्रेय द्यायची पद्धत आहे. ऐकायला छान वाटतं, पण त्या पाण्याचा वाटा नगण्य.

इथेच पीपीएमचा घोळ सुरू होतो. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत फिनॉलच्या कुळातली संयुगं किती भाग. अमुक व्हिस्की ३५ पीपीएमची, तमुक ५० ची, अशी चर्चा क्रिकेटच्या स्कोअरसारखी चालते. पण हा आकडा बहुधा माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा असतो, बाटलीतल्या दारूचा नाही. माल्ट गरम पाण्यात कालवताना, आंबवताना, दोनदा उकळून गाळताना यातला मोठा हिस्सा मागेच राहतो. पुढे पिंपात वर्षं जातील तसा धूर आणखी ओसरतो. आयलावरच्या लागावूलिन आणि कल ईला या दोन डिस्टिलरी एकाच ठिकाणचा, पोर्ट एलनच्या माल्टिंगमधला, साधारण ३५ पीपीएमचा माल्ट वापरतात. तरी लागावूलिनचा धूर जाड आणि चिकट, कल ईलाचा हलका, किनाऱ्यावरच्या वाऱ्यात विरलेला. फरक भट्टीवरच्या तांब्याच्या भांड्याच्या आकाराचा, ते किती भरायचं याचा, आणि गाळताना कुठे थांबायचं याचा. धुराची जड संयुगं धारेत उशिरा उतरतात. जो उशिरापर्यंत धार धरतो त्याला जास्त धूर मिळतो, आणि धुरासोबत थोडी घाणही. ब्रुकलॅडी डिस्टिलरीने ऑक्टोमोर ८.३ साठी ३०९.१ पीपीएमचा माल्ट वापरला होता. आकडा ऐकून तोंडात कोळसा भरल्याची कल्पना येते. पण लागावूलिनच्या नऊपट धूर काही त्यात लागत नाही.

शिवाय पीपीएम म्हणजे सगळ्यांची बेरीज, आणि बेरजेत कुणाचा आवाज किती मोठा हे कळत नाही. फिनॉलचा वास दवाखान्याचा. क्रेसॉलचा डांबराकडे झुकणारा. ग्वायाकॉलचा जळक्या लाकडाचा, आणि तो फिनॉलपेक्षा कितीतरी कमी मात्रेत नाकाला कळतो. हे ग्वायाकॉल लक्षात ठेवा, ते पुढे भेटणार आहे.

आता पिंप. फ्रान्समधल्या बोर्दोच्या वाइनवाल्यांचं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं, ओक लाकडाचं. त्यात रेड वाइन वर्ष-दीड वर्ष राहते, मग बाटल्या भरल्या जातात आणि पिंपात पुढच्या हंगामाची वाइन. तीन-चार हंगामांनी लाकूड वाइनच्या दृष्टीने निरुपयोगी होतं. चव द्यायची ती देऊन झालेली असते. व्हिस्कीवाले मात्र अशाच पिंपाच्या शोधात असतात. फळ्या काही मिलिमीटर खोलपर्यंत वाइन पिऊन बसलेल्या असतात, आणि ‘रिकाम्या’ पिंपाच्या अंगात काही लिटर वाइन मुरलेली असते. वाइनमध्ये मद्यार्क १३-१४ टक्के. पिंपात भरायची कोरी व्हिस्की बहुधा ६३.५ टक्क्यांची. इतका कडक द्रव लाकडात शिरला की मुरलेली वाइन तर तो बाहेर काढतोच, पण वाइनला जे सुटलं नव्हतं तेही ओढून आणतो.

बाहेर येतं काय? रंग येतो. कधी तांब्यासारखा, कधी चक्क गुलाबी झाक असलेला. कॅरमेलने व्हिस्की तपकिरी करता येते, गुलाबी नाही, म्हणून ती झाक दिसली तर ती पिंपाचीच समजायला हरकत नाही. फळांचा वास येतो. आणि येतो तुरटपणा. साखर मात्र फारशी येत नाही, आणि नेमका इथे बऱ्याच जणांचा अपेक्षाभंग होतो. पोर्ट किंवा गोड शेरी अशा गोड वाइनच्या पिंपातून आलेल्या व्हिस्कीची सवय असलेला माणूस ‘वाइन कास्क’ वाचून गोडव्याची तयारी करतो. पण बहुतेक रेड वाइन कोरड्या असतात, त्यांच्यात साखर उरलेलीच नसते. ग्लासात जे गोड वाटतं ते नाकाला. पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू गोडव्याची जुळवाजुळव करून टाकतो, आणि घोट घेतल्यावर जीभ त्याला खोटं पाडते.

तुरटपणाबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण या प्रकारच्या व्हिस्कीची गंमत आणि गोची दोन्ही त्यातच आहे. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि ओकच्या लाकडात टॅनिन असतं. युरोपियन ओकमध्ये ते अमेरिकन ओकपेक्षा बरंच जास्त. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि जीभ गालाला घासल्यासारखी वाटते. म्हणजे ही खरं तर चव नव्हे, स्पर्श आहे. मराठीत मात्र तिला आंबट-गोडाच्या पंक्तीत मानाचं पान आहे, त्यामुळे आपल्याला ती वेगळी ओळखायला शिकवावं लागत नाही. आता धुराचं पाहा. राखेची चवही तोंड कोरडं पडल्याचा भास देते. दोन्ही कोरडेपणा एकमेकांवर चढले, की तोंडात राखुंडी भरल्यासारखं होतं. वाइनच्या पिंपातल्या पीटेड व्हिस्क्या फसतात त्या बहुधा अशा. फळ जरा कमी पडलं, टॅनिन जरा जास्त झालं, आणि मागे धूर आहेच. जमलेल्या व्हिस्कीत हाच तुरटपणा धुराला कणा देतो. धूर नुसता ढगासारखा पसरत नाही, त्याला कडा येतात.

पिंपाचं आणखी एक दुखणं आहे. रिकामं पिंप बोर्दोहून स्कॉटलंडला पोचेपर्यंत आत उरलेली वाइन आंबून व्हिनेगर होऊ शकते. ते टाळायला वाइनवाले पिंपात गंधकाची वात जाळतात. गंधक जास्त झालं की ते व्हिस्कीत उतरतं, आणि त्याचा वास विझलेल्या काडीचा, रबराचा. धुराच्या व्हिस्कीत हा दोष लपतो आणि चाखणारा फसतो. मीही फसलोय. एका मित्राकडे एका बाटलीचं ‘काय जबरदस्त पीट आहे’ असं तोंड भरून कौतुक केलं. तासाभराने शेजारी दुसरी पीटेड व्हिस्की ओतली तेव्हा लक्षात आलं, की पहिलीत जळलेली काडी आणि सायकलची ट्यूब होती, पीट नावापुरतं. तेव्हापासून साधा आडाखा ठेवलाय. पीटचा धूर वेळ गेला की मवाळ होतो, त्याच्या आत राख, माती, समुद्र असे पदर उलगडत जातात. गंधक तासाभरानेही एकसुरी राहतं.

या दुखण्यांवरचा सगळ्यात गाजलेला उपाय डॉ. जिम स्वान यांच्या नावावर आहे. २०१७ साली वारलेले हे रसायनतज्ज्ञ जगभरच्या नव्या डिस्टिलरींना सल्ला द्यायचे. पिंपाची आतली बाजू तासायची, लाकूड आचेवर भाजायचं, मग वरून जाळून कोळशाचा पातळ थर आणायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला ‘एसटीआर’ म्हणतात. तासल्याने आंबलेला, बुरसट थर निघून जातो, आणि खोलवर मुरलेली वाइन भाजली जाऊन तिचा वास मुरांब्यासारखा होतो. तैवानच्या कावालान डिस्टिलरीला २०१५ साली ‘वर्ल्ड व्हिस्कीज अवॉर्ड्स’मध्ये जगातल्या सर्वोत्तम सिंगल माल्टचा मान मिळवून देणारी ‘सोलिस्ट विन्यो बारीक’ ही व्हिस्की अशाच पिंपांतली. आयलावर २००५ साली एका शेतावर सुरू झालेल्या किलहोमन डिस्टिलरीलाही स्वान यांचा सल्ला होता, आणि तिने एसटीआर पिंपांत मुरवलेली पीटेड व्हिस्कीही काढली.

लेबलवर ‘मॅच्युअर्ड’ आहे की ‘फिनिश्ड’, हे जरूर पाहावं. पहिल्यात व्हिस्की सगळी वर्षं वाइनच्याच पिंपात असते. दुसऱ्यात ती आधी बहुधा बर्बन या अमेरिकन व्हिस्कीच्या पिंपात वाढते आणि अखेरचा काही काळ वाइनच्या पिंपात काढते. फिनिशमध्ये वाइन अंगावर घेतलेल्या शालीसारखी असते, पूर्ण मुरवणीत ती अंगात भिनते. एड्राडावर डिस्टिलरीची बॅलेकिन ही पीटेड व्हिस्की २००६ साली पहिल्यांदा बाजारात आली ती बर्गंडी वाइनच्या पिंपांत मुरवूनच. स्कॉटलंडमधल्याच कॅम्बेलटाउनच्या स्प्रिंगबँक डिस्टिलरीने तर ‘लाँगरो रेड’ नावाची मालिकाच चालवली. पीटेड व्हिस्की तीच, आणि दर खेपेला वेगळ्या वाइनचं पिंप. कधी कॅबर्ने सोव्हिन्यॉन, कधी शिराझ, कधी पिनो न्वार. अशा बाटल्यांत द्राक्षाची जात शोधायचा खेळ रंगतो खरा. माझं मत विचाराल तर द्राक्षाच्या जातीपेक्षा पिंप किती ताजं होतं आणि तासलं-भाजलं होतं की नाही, याने जास्त फरक पडतो. लेबलवरचं द्राक्षमळ्याचं काव्य वाचावं आणि बाजूला ठेवावं.

आता ग्वायाकॉल. वाइनवाल्यांना या रेणूची धास्ती असते. द्राक्षं पिकायच्या सुमारास जवळपास वणवा पेटला की धुरातलं ग्वायाकॉल सालीत शिरतं, द्राक्षातल्या साखरेला चिकटून दडून बसतं, आणि वाइन तयार झाल्यावर राखेच्या चवीच्या रूपात बाहेर पडतं. ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियात वणव्यांच्या वर्षी वाइनच्या वाइन वाया गेल्या आहेत. एकीकडे या रेणूमुळे पीक मातीमोल, आणि दुसरीकडे आयलावर तोच रेणू मिळवायला मुद्दाम दलदल जाळतात! बरं, वाइनच्या पिंपात ग्वायाकॉल मुळातच थोडं असतं. फळ्या वाकवताना आणि भाजताना आचेने लाकडातलं लिग्निन फुटतं, त्यातून व्हॅनिलाचा वास देणारं व्हॅनिलिन निघतं आणि ग्वायाकॉलही. काही रेड वाइनमध्ये ब्रेटॅनोमायसिस नावाचं यीस्ट वाढतं आणि ४-इथाइलग्वायाकॉल बनवतं. लवंग, धूर अशा वासांचं हे संयुग पीटच्या धुरातही असतं. तेव्हा धूर आणि वाइन ही दोन परकी माणसं कुणी बळेच एका खोलीत कोंडलेली नाहीत. त्यांची दूरची सोयरीक आहे. चाखताना ‘हा धूर आणि ही वाइन’ अशी वाटणी करायला बसलं की मन वैतागतं, ते यामुळेच. मधला बराचसा प्रदेश दोघांचा सामाईक आहे.

प्रत्यक्ष चाखायला ग्लास पोटाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. व्हिस्की वीसेक मिलिलिटर पुरते. बर्फ नको. थंडीने फळांचे वास आधी मिटतात आणि धूर व तुरटपणा एकटे उरतात. पहिल्यांदा हुंगताना नाक ग्लासात खुपसू नये. हनुवटीशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्यावा. मग ग्लास ठेवून द्यावा आणि खरंच विसरून जावं.

या थांबण्याला कारण आहे. नाक कोणत्याही सततच्या वासाला सरावतं, आणि धूर इतका दांडगा की नाकाला आधी त्याचाच सराव होतो. काही मिनिटांनी धूर ग्लासात तेवढाच असतो, आपल्याला कमी येतो. ज्या फळांना त्याने मागे दाबलं होतं ती आता पुढे येतात. माझ्या समोरच्या ग्लासात, मद्यार्क ५० टक्के, पहिल्या मिनिटाला डांबर आणि पट्टी होती. सातव्या मिनिटाला लाल फळ आलं, त्याच्या आत लवंग, आणि कडेला ओल्या चामड्याचा वास. घोट छोटा घेतला, जिभेवर चार-पाच सेकंद फिरवला, गिळला आणि नाकाने श्वास सोडला. धूर तेव्हा परत आला, मागच्या दाराने. घशातून नाकात चढणारी हवा वास पुन्हा घेऊन येते, म्हणून गिळल्यानंतरचा धूर हुंगलेल्या धुरापेक्षा भरदार लागतो. त्यानंतर, आधी नाही, तुरटपणा. आधी हिरड्यांपाशी, मग गालांत.

मग पाणी. ड्रॉपरने, थेंब थेंब. पाण्याने व्हिस्की ‘पातळ’ होते आणि धूर कमी होतो असा समज आहे. २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर पाणी, मद्यार्क आणि नेमकं आपलं ग्वायाकॉल यांचं मिश्रण मांडून पाहिलं. मद्यार्क ५९ टक्क्यांच्या वर असला की मद्यार्काचे रेणू ग्वायाकॉलला वेढून द्रवाच्या आत ठेवतात. ४५ टक्क्यांच्या आसपास आणि खाली ते पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाजवळ. माझ्या ग्लासातही सहा-सात थेंबांनंतर मद्यार्काचा झणका गेला, धूर उलट ठसठशीत झाला, आणि आश्चर्य म्हणजे फळही. आणखी पाच थेंबांवर मात्र फळ कोसळलं आणि तोंडात लाकूड आणि तुरटपणा तेवढे उरले. म्हणून थेंबाथेंबाने. एकदा घातलेलं पाणी परत काढता येत नाही.

संपलेला ग्लास मी रात्री धूत नाही. मद्यार्क आणि फळांचे हलके वास उडून जातात, जड संयुगं काचेला धरून राहतात. आज सकाळी हुंगला तेव्हा वाइनचा मागमूस नव्हता. कोरडी राख होती, थोडा व्हॅनिला, आणि तळाशी वाळलेला एक लालसर कंगोरा.